कुलूप दुसऱ्यानं ओढायचं

राजरतन गेल्याचा फोन आला तेव्हा मी सराव परीक्षेला बसलो होतो. रविवारची सकाळ होती. बायको बाजारात गेली होती, मुलगी नागपूरला तिच्या वसतिगृहावर होती, आणि मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून माहिती सुरक्षेच्या पुढच्या प्रमाणपत्राचे प्रश्न सोडवत होतो. अशा सराव परीक्षेत पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चालत असतं. फोन राजरतनच्या मेहुण्याचा होता. पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, एवढंच तो बोलला... मी फोन खाली ठेवला. घड्याळ चालूच होतं. मी पुढच्या प्रश्नाचं एक उत्तर निवडलंसुद्धा. ते बरोबर होतं की चूक, पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता, भीतीचा होता. आता माझं काम कोण तपासणार?

भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या सुमारास आम्ही दोघं भंडाऱ्याच्या एका पतसंस्थेत संगणकावर नोंदी करायच्या कामाला लागलो. गोंदियाकडच्या शाखांचे हिशेब वेगळे काढायचे होते, त्यासाठी ही भरती झाली होती. मी वाणिज्य शाखेचा, आकड्यांत रमणारा. तो साकोली तालुक्यातल्या एकोडीचा, विज्ञान शाखेचा, आणि कोणतंही यंत्र उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नोंदी संपल्यावर बाकीची मुलं घरी गेली, आम्ही दोघं राहिलो, कारण संगणक बंद पडले की आम्हालाच हाक मारायची सवय सगळ्यांना लागली होती. पुढे शाखा एकमेकींना जोडल्या गेल्या, व्यवहार मोबाईलवर आले, आणि 'संगणकवाले' म्हणून ओळखले जाणारे आम्ही हळूहळू माहिती सुरक्षा सांभाळणारे झालो. आम्हाला कोणी तसं शिकवलं नव्हतं. काम अंगावर पडत गेलं आणि आम्ही परीक्षा देत गेलो. पहिलं, पायाभूत प्रमाणपत्र आम्ही एकाच दिवशी, नागपूरच्या एकाच केंद्रात मिळवलं. त्याला माझ्यापेक्षा दोन गुण कमी पडले होते, आणि ते तो लोकांना माझ्या आधी सांगायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी तो मला एकोडीला घेऊन गेला होता. धानाची कापणी चालू होती. त्याची आई शेतावर जायला निघाली, तिनं दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कुलपाला हात न लावता बाजूला उभी राहिली. मला कळेना की बाई कशासाठी थांबली आहे. राजरतन पुढे झाला, त्यानं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि मगच ती निघाली. त्यांच्या घरची ती रीत होती. ज्यानं कुलूप लावलं त्यानं ते ओढायचं नाही, दुसऱ्यानं ओढायचं. घरात दुसरं कोणी नसलं तर शेजारणीला हाक मारायची. मी हसलो असेन, कारण त्या माउलीनं मला थांबवून सांगितलं, "बाबू, आपला हात आपल्याच हाताची चुकी दाखवत नाही."

ही रीत राजरतननं ऑफिसात आणली. सर्व्हरच्या खोलीला कुलूप मी लावायचो, तो ओढायचा. तिथून ती सगळ्या कामांत शिरली. शाखांच्या माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, मी काढायची आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, आतल्या नोंदी वाचून त्यानं पाहायचं. नवा नियम मी बसवायचा, आणि तो मोडून आत शिरता येतं का हे त्यानं बघायचं. कित्येकदा तो शिरायचाही. मग माझ्या टेबलाजवळ येऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "पुरुषोत्तम, तुह्या घरी जाऊन चहा पिऊन आलो गा." मला राग यायचा. पण घरी गेल्यावर झोपही लागायची, कारण कोणीतरी ओढून पाहिलं आहे हे ठाऊक असायचं.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे, त्या वर्षी दिवाळीनंतर मी सासुरवाडीच्या मंडईला गेलो होतो. आमच्या भागात भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुण्यांना बोलावणं असतं, आणि जावयानं टाळलं तर ते वर्षभर ऐकावं लागतं. त्याच आठवड्यात पवनी शाखेत नवा संगणक आला. राजरतननं तो एकट्यानं जोडला, तिथली प्रत काढण्याची व्यवस्था एकट्यानं लावली आणि एकट्यानंच तपासली. मी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पाय ठेवला, तर सगळे उभे होते. कोणी बसलेलं नव्हतं, हे मला आजही आधी आठवतं. प्रत्येक पडद्यावर एकच लाल अक्षरांचा मजकूर होता. तुमच्या सगळ्या फायली आम्ही बंद केल्या आहेत, उघडायच्या असतील तर इथे संपर्क करा... राजरतन जमिनीवर बसून भिंतीतल्या वायरी उपटत होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला पाहून तो एवढंच म्हणाला, "एकेक शाखेले फोन लाव. मशीन चालू नोको करू म्हनाव."

ते दिवस धानाच्या चुकाऱ्यांचे, म्हणजे विकलेल्या धानाचे पैसे मिळायचे, होते. शाखांसमोर माणसं उभी होती. मी फोन फिरवत होतो आणि पलीकडची घंटा नुसती वाजत राहिली की पुढच्या शाखेचा नंबर लावत होतो. आपण ज्याला सुरक्षा म्हणत होतो ती नुसती समजूत होती की काय, असं वाटत होतं. सुदैवानं प्रती शाबूत होत्या. एकेक शाखा उभी राहत गेली. फक्त पवनीची प्रत उघडली तेव्हा त्यात शेवटच्या आठवड्याच्या नोंदीच नव्हत्या. राजरतननं प्रत काढायची जागा चुकून जुन्या यंत्राची दिली होती, आणि तपासताना तीच जागा उघडून पाहिली होती. तिथे जुन्या नोंदी भरपूर होत्या, त्यामुळे सगळं ठीक दिसलं. चूक हातात धरूनच त्यानं चूक शोधली होती.

आम्ही पवनीला गेलो आणि कागदी पावत्यांवरून तो आठवडा पुन्हा भरला. रांगेतला एक म्हातारा खिडकीतून डोकावून म्हणाला, "का गा बाबू, मशीनले ताप आला का?" राजरतननं मान वर न करता उत्तर दिलं, "हो बाबा, सलाईन लावून राहिलो." रांग हसली. तो हसला नाही. परतताना अड्याळला चहासाठी थांबलो, तेव्हा त्यानं कप हातात धरून ठेवला आणि चहा निवून गेला तरी प्यायला नाही. मग म्हणाला, "माय असती तं चप्पल काहाडली असती तिनं." आई जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मी म्हटलं, नुकसान झालं नाही, सगळ्या नोंदी जुळल्या. तो म्हणाला, "जुळल्या. पन मी एकटाच होतो तवा मले भेव वाटलं नाही, पुरुषोत्तम. भेव वाटाले पाहिजे होतं."

त्यानंतर आम्ही दोघंही घाबरलेले होतो, पण आमची भीती वेगवेगळ्या तऱ्हेची होती. मला वाटत होतं, आपण मागे पडलो. या धंद्यात शिकलेलं फार लवकर शिळं होतं, प्रमाणपत्रांनाही मुदत असते, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला एक चुकीची परीक्षा निवडून दोन वर्षं घालवणं परवडत नाही. म्हणून मी माझ्या पद्धतीनं एक तक्ता केला. एक परीक्षा होती यंत्रणेची राखण बळकट करण्याची, एक व्यवस्थापनाची, म्हणजे धोरणं लिहिण्याची आणि बैठका घेण्याची, आणि एक परवानगी घेऊन दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरून दाखवण्याची. खर्च, अभ्यासाचे महिने, मुदत, नागपूर-पुण्याच्या जाहिरातींत किती वेळा नाव येतं, अशा सगळ्या रकान्यांत गुण दिले आणि बेरीज केली. व्यवस्थापनाची परीक्षा पहिली आली. तक्ता राजरतनला दाखवला. त्यानं तो वरपासून खालपर्यंत नीट वाचला, बेरीजही तपासली, आणि विचारलं, "यात भेवाचा रकाना कुठी आहे?"

मला वाटलं, नेहमीची टिंगल करतो आहे. पण तो गंभीर होता. कोणत्या परीक्षेच्या नावानं तुझ्या पोटात गोळा येतो, असं त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिसरी. तिथे पर्यायांतून उत्तर निवडायचं नसतं. समोर अनोळखी यंत्रणा देतात आणि वेळ संपायच्या आत आत शिरून दाखवावं लागतं. शिरता आलं नाही तर कागदावर लिहायलाही काही उरत नाही. माझ्यासारख्या नियम बसवणाऱ्या माणसाला नियम मोडायला सांगणं म्हणजे... मी वाक्य अर्धवट सोडलं. तेव्हा तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही. "भेव कमी कराले परीक्षा देऊ नोको. परीक्षा पास झाली का भेव जाते, अन् मंग मानूस पवनी करून बसते. भेव कोन्या बाजूनं धराव, ते शिकाले दे."

त्यानं स्वतः तीच तिसरी परीक्षा धरली. वरिष्ठांची इच्छा त्यानं व्यवस्थापनाकडे वळावं अशी होती, तिथे पद होतं, खोली होती. त्यानं नाही म्हटलं. मी राखणीची परीक्षा द्यायची असं ठरलं, म्हणजे मी लावणार, तो ओढणार. पहिल्या खेपेला तो नापास झाला. नागपूरहून बसमधून त्याचा फोन आला, "नापास झालो. पेढे आनून ठेव." दुसऱ्या दिवशी मी खरोखरच पेढे नेले. ते त्यानं सगळ्या ऑफिसला वाटले आणि कशाबद्दल असं कोणी विचारलं की सांगायचा, "मले किती येत नाही ते समजलं, म्हनून." पण दुपारी दोघंच असताना त्याचा चेहरा राखेसारखा होता. तो म्हणाला, शेवटचं दार सोपं होतं आणि ते दिसलं नाही, कारण आपण लावलं असतं तर कसं लावलं असतं याच विचारानं तो शोधत राहिला. बोलताना त्यानं दोन वेळा छातीवरून हात फिरवला. मी विचारलं. त्यानं हात झटकला. "गॅस आहे, मले माहीत आहे."

राजरतनच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाल्यावर माणसं पांगली. वनमाला वहिनी, म्हणजे राजरतनची पत्नी, माझ्याशी त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. त्यांनी आतून रक्तदाब मोजायचं यंत्र आणून माझ्यासमोर ठेवलं. गेलं वर्षभर तो रोज सकाळी स्वतःच्या दंडाला तो पट्टा बांधायचा, स्वतःच आकडा वाचायचा आणि स्वतःच ठरवायचा की आज ठीक आहे. आकडा जास्त आला की नीट बसलो नव्हतो म्हणायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा मोजायचा, कमी येईपर्यंत. डॉक्टरकडे चला म्हटलं की दुसऱ्या खेपेची परीक्षा होऊ दे म्हणायचा. वहिनी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, घरचं कुलूप एक दिवस एकट्यानं नाही लावलं त्यांनी. अन् हे..." त्यांनी यंत्राचा पट्टा गुंडाळून ठेवला. मी पवनीची ती प्रत आठवत होतो, जी उघडल्यावर भरलेली दिसत होती.

त्या दिवसापासून माझ्या डाव्या खांद्यात जरा कळ आली तरी मी जागीच थांबतो. दाखवून आलो, सगळ्या चाचण्या करून घेतल्या, दुसऱ्या माणसानं वाचलेले निकाल घरी आहेत. तरी थांबतो. ऑफिसात त्याची खुर्ची रिकामी आहे याचं दुःख हळूहळू येतं, पण भीती सकाळी दार उघडल्याबरोबर येते. शनिवारी मी प्रती काढतो. त्या उघडून पाहणारं कोणी नाही. मीच पाहतो. आणि सगळं ठीक दिसलं की मला जास्त भीती वाटते.

पंधरा-वीस दिवसांनी मुख्य व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावलं. माणूस भला आहे, राजरतनबद्दल बोलताना त्यांचाही आवाज जड झाला. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. संस्थेला माहिती सुरक्षेचा एक प्रमुख नेमायचा होता आणि ते पद त्यांना मला द्यायचं होतं. व्यवस्थापनाची परीक्षा मी द्यावी, खर्च संस्था करील. नवा माणूस घ्यायची सध्या तयारी नाही. "तुम्हीच करा अन् तुम्हीच तपासा, तुमच्याइतकं हे कोणाला येते?" असं ते म्हणाले, आणि त्यांनी ते कौतुकानंच म्हटलं. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. घरी येऊन मी जुना तक्ता उघडला. सगळे गुण अजूनही त्याच परीक्षेच्या बाजूनं होते. मुलीचं शिक्षण व्हायचं आहे, घराचे हप्ते आहेत, आणि या वयात नाही म्हणणाऱ्याला पुन्हा कोणी विचारत नाही. बायको म्हणाली, हो म्हणून टाका. तिचं चुकत नव्हतं. मी हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं, आणि ठरवल्यावर जो दिलासा वाटला त्याचीच मला शंका आली... पवनीला राजरतनलाही असाच दिलासा वाटला असेल.

रविवारी वहिनी एकोडीला निघाल्या होत्या, काही महिने दिराकडे राहायला. सामान रिक्षात ठेवायला मी गेलो. त्यांनी घर झाडून घेतलं, खिडक्या लावल्या, पाण्याची टाकी बंद केली. झाडांना आठवड्यातून एकडाव पाणी टाकाल का, असं विचारून जादा किल्ली माझ्या हातात दिली. मग दाराला कुलूप घातलं, दाबलं, आणि त्या एक पायरी खाली उतरून बाजूला उभ्या राहिल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वहिनी रस्त्याकडे पाहत होत्या, पण जात नव्हत्या. मला समजायला क्षणभर वेळ लागला. इतकी वर्षं या दारात ज्यानं पुढे यायचं तो माणूस नव्हता, आणि त्या सवयीनं त्याच्यासाठी थांबल्या होत्या. मी वर गेलो आणि कुलूप ओढलं.

ते उघडून माझ्या हातात आलं.

जुनं कुलूप होतं, कडी वरवर बसल्यासारखी दिसत होती, आत अडकली नव्हती. वहिनी वळल्या. त्यांनी माझ्याकडून कुलूप घेतलं, पुन्हा लावलं, जोर देऊन दाबलं, आणि पुन्हा बाजूला झाल्या. मी पुन्हा ओढलं. या वेळी ते लागलेलं होतं.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की प्रमुखपद दुसऱ्या कोणालाही द्या, बाहेरून माणूस आणावा लागला तर आणा. तो लावील आणि मी ओढून पाहीन. परीक्षा मी तिसरी देईन. साहेबांना ते आवडलं नाही. माणूस आणतील की मलाच बाजूला करतील, हे हा मजकूर लिहितानाही मला माहीत नाही. बायकोही नाराज झाली. परीक्षेच्या सरावात मी अजून एकाही यंत्रणेत वेळेत शिरू शकलेलो नाही. ते उलटं घड्याळ संपलं की मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि तक्त्यात मी आता एक रकाना वाढवला आहे.

दर रविवारी मी राजरतनच्या घरी जातो. झाडांना पाणी देतो, एकदा खोल्यांतून फिरून येतो, दाराला कुलूप लावतो. मग शेजारच्या काकूंना हाक मारतो. पहिल्या दिवशी त्या हसल्या, म्हणाल्या, एवढा मोठा साहेब अन् कुलूप पाहाले माणूस लागते. आता त्या फाटकाचा आवाज ऐकूनच बाहेर येतात. मी पायरी उतरून बाजूला उभा राहतो. त्या वर येतात, ओलसर हात पदराला पुसतात आणि कुलूप दोनदा ओढतात. तेवढा वेळ मी रस्त्याकडे पाहत असतो.

"लागलं जी," असं त्या म्हणतात. मग मी निघतो.